नेहमीप्रमाणे

धनकवडीत, शेडग्यांच्या पिठाच्या गिरणीवर
आमची खोली. दर रविवारी अकराला
पाच-सहा जण, सात लॅपटॉप, एक एक्स्टेंशन बोर्ड.
त्याचं तिसरं भोक चालत नाही, हे सगळ्यांना माहीत.
आम्ही मराठी शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर लिहितो.
फुकट. चौदा वर्षं.
पगार कुणालाच नाही, म्हणून नियमही नाहीत,
असं मी अभिमानाने सांगायचो.

नियम होते.
एका बदलात एकच गोष्ट.
शब्द वाढवायचे तर आधी मुळे सरांना विचारायचं.
दोन आठवडे कुणी बोललं नाही तर होकार समजायचा,
पण मुळे सर बोलले नाहीत तर नकार.
हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.
हवेत होतं, पिठासारखं,
आत वावरणाऱ्याच्या अंगावर आपोआप बसायचं.

शमीम अत्तारने लोणी काळभोरहून
दोनशे बारा शब्द पाठवले, एकाच गठ्ठ्यात,
चुलीपाशी, बाजारात, बायकांच्या भांडणात वेचलेले.
मुळे सरांचं तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन.
आम्हाला वाटलं, ते बघतील.
त्यांना वाटलं, आम्ही बघितलं.
तिसऱ्या आठवड्यात तिने विचारलं, काही चुकलं का?
सातव्या आठवड्यात नुसतं, नमस्कार.
मग काहीच नाही.
तिला कुणीही 'नाही' म्हटलं नव्हतं.
हे वाक्य मी बरेच दिवस ढालीसारखं धरलं.

यंदा तेजल वाघचौरे आली, डिप्लोमाचं दुसरं वर्ष.
पहिल्याच दिवशी तिसऱ्या भोकात चार्जर लावून
दोन तास बॅटरी उतरताना बघत बसली.
विचारायला लाजली.
त्या रात्री मी नियम लिहायला घेतले.

पुण्याचा माणूस. पाटी लिहिणं रक्तातच.
सतरा ओळी, त्यात तेरा 'नये'.
'आधी वाचावे, मग बोलावे.'
'उगाच विचारून वेळ दवडू नये.'
वाचून मलाच हसू आलं, आणि आवडलंही.
पाटी लावणं वेगळं, वाट सांगणं वेगळं,
हे तोवर डोक्यात शिरलं नव्हतं.

तेजल मोठ्याने वाचत गेली, चौथ्या कलमाशी अडली.
'बदल नेहमीप्रमाणे पाठवावेत.'
म्हणाली, सर, कुणाच्या नेहमीप्रमाणे?

खाली गिरणी चालू होती.
फरशी थरथरत होती. आम्हाला ते कळेनासं झालंय.
तिचा एक हात टेबलावरच्या ग्लासवर होता.

उतरताना शेडग्यांची पाटी दिसली, रोज दिसते ती:
'ज्वारीवर लगेच गहू घेत नाही. पीठ मिसळतं.
घाई असेल तर सकाळी सातला या, दगड साफ असतात.'
खाली मोबाइल नंबर, खडूने, पुन्हा पुन्हा गिरवलेला.
मी तिथेच उभा राहिलो, डबा न घेता.
लहू शेडगे म्हणाले, दळण आहे का काही?

दुसरा खर्डा.
'शब्द मुळे सर तपासतात. ते नसतील तर मी.
एक माणूस किती पुरणार, म्हणून एका वेळी दहाच शब्द.
दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर चूक आमची.
या नंबरवर फोन करा.
तिसरं भोक बंद आहे.'
आणि मग, कुठून सुचलं कोण जाणे,
'सगळं एकदम ओतू नका. थोडं थोडं वैरा.'

'वैरा'खाली लाल रेघ.
आमच्याच सॉफ्टवेअरची.
असा शब्द नाही, म्हणे.

शोधला. होता.
शमीमच्या यादीत, एकशे सत्तेचाळिसावा,
समोर तिने अर्थही दिलेला:
जात्यात मूठमूठ धान्य घालत राहणे.

तिला पत्र लिहिलं. सुरुवात तीनदा खोडली.
शेवटी एवढंच, तुमचं काही चुकलं नव्हतं.
आज बावीस दिवस झाले.
दहा दिवसांचा नियम आम्हाला आहे,
तिला नाही.